उपपद, लिंग आणि अनुवाद : स्पॅनिश नामांविषयी एक तौलनिक टिपण

1

फेदेरीको गार्सिआ लोर्का यांच्या 'बोदास दे सांग्रे' (रक्तविवाह, 1933) या शोकात्म नाटकाच्या तिसऱ्या अंकात अरण्यात चंद्र रंगमंचावर येतो. नाटककाराच्या रंगसूचनेप्रमाणे तो पांढऱ्या चेहऱ्याचा एक तरुण लाकूडतोड्या आहे. त्याच अरण्यात मृत्यूही वावरतो. तो भिकारणीच्या रूपात आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने हा प्रवेश इंग्रजीवरून मराठीत आणला तेव्हा लाकूडतोड्या चंद्राने त्याला क्षणभरही थबकवले नाही. मराठीत चंद्र पुल्लिंगी आहे, मुलांचा तो मामा आहे. मग तो तरुण पुरुष म्हणून आला तर त्यात नवल ते काय? अडखळायला झाले ते भिकारणीपाशी. मराठी मृत्यू पुल्लिंगी, मरण नपुंसकलिंगी, आणि मृत्यूची देवता यम तर रेड्यावर बसणारा पुरुष. हा मृत्यू बाई का झाला, याचे समर्थन शोधण्यात बराच वेळ गेला.

पुढे मूळ संहिता वाचण्याइतपत स्पॅनिश आल्यावर ध्यानात आले की नवल नेमके उलट्या जागी होते. स्पॅनिशमध्ये चंद्र 'ला लूना' म्हणजे स्त्रीलिंगी, आणि मृत्यूही 'ला मुएर्ते' म्हणजे स्त्रीलिंगीच. भिकारीण झालेला मृत्यू व्याकरणाच्या वाटेनेच चालतो. तरुण लाकूडतोड्या झालेला चंद्र मात्र व्याकरणाविरुद्ध उभा राहतो, आणि स्पॅनिश प्रेक्षकाला जो धक्का बसतो तो तेथे. मराठीत धक्क्याची जागाच बदलली. हा बदल कोणी हेतुतः केला नव्हता. इंग्रजीने लिंग पुसून टाकले होते, आणि त्या रिकाम्या जागेवर मराठीने आपले लिंग न विचारता बसवले होते.

स्पॅनिशमधील पुष्कळसे साहित्य मराठीत इंग्रजीच्या मार्गाने आले आहे. त्यामुळे स्पॅनिश नामांचे लिंग आणि त्यांच्या आधी येणारे उपपद हा प्रश्न केवळ भाषाशिक्षकापुरता राहत नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने तो कसा समजून घ्यावा, याची मांडणी प्रस्तुत टिपणात करावयाची आहे.

2

प्रथम व्यवस्था पाहू. लॅटिनमध्ये तीन लिंगे होती, स्पॅनिशमध्ये नामांची लिंगे दोनच उरली. नपुंसकलिंगी नामे पुल्लिंगात किंवा स्त्रीलिंगात विरून गेली. ही वाटणी लॅटिनच्या सर्व कन्यांनी सारखी केलेली नाही. दूध स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी (ला लेचे), तर फ्रेंच, इतालियन आणि पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी. मध आणि मीठ स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. रक्त तर लॅटिनमध्ये पुल्लिंगी होते. फ्रेंच, इतालियन आणि पोर्तुगीजमध्ये ते तसेच राहिले, स्पॅनिशमध्ये मात्र 'ला सांग्रे' असे स्त्रीलिंगी झाले. तेव्हा लिंग हा वस्तूचा गुण नसून भाषेच्या इतिहासाचा अवशेष आहे, ही गोष्ट भगिनीभाषांच्या तुलनेनेच सिद्ध होते.

आपल्याकडेही असेच घडले आहे. संस्कृतची तीन लिंगे मराठी, कोकणी आणि गुजराती यांनी टिकवली. हिंदीने दोनच ठेवली. दिल्लीसारख्या ठिकाणी मराठी शिकवताना हे अंतर पदोपदी जाणवते. आत्मा मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मृत्यू मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. उलट 'व्यक्ती' मराठीत स्त्रीलिंगी तर हिंदीत पुल्लिंगी. मराठीत दाढीमिशांच्या गृहस्थालाही आपण 'ती व्यक्ती' म्हणतो. स्पॅनिश 'ला पेर्सोना' नेमके असेच वागते, पुरुषाविषयी बोलतानाही ते स्त्रीलिंगीच राहते. लोर्कांची भिकारीण हिंदीत विनासायास बसते, मराठीत बसत नाही. त्याचे कारण हिंदी-मराठी भाषकांच्या कल्पनाशक्तीत नसून एका तत्सम शब्दाच्या दोन प्रवासांत आहे.

स्पॅनिश नामाचे लिंग ओळखण्याचा पहिला नियम त्याच्या शेवटी असतो. सामान्यतः ओकारान्त नाम पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी. मराठी भाषकाने येथे सावध राहावे, कारण त्याच्या कानाला आकारान्त नाम पुल्लिंगी वाटते : घोडा, आंबा, रस्ता. या विसंगतीचा एक पुरावा आपल्या स्वयंपाकघरात आहे. 'बताता' हा शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज दोहोंत स्त्रीलिंगी. पोर्तुगीजांकडून तो मराठीत आला, शेवटचा आकार त्याने टिकवला आणि 'तो बटाटा' म्हणून पुल्लिंगी झाला. 'पापाया'ने मात्र मराठीत ईकारान्त रूप घेतले आणि 'ती पपई' स्त्रीलिंगीच राहिली. उसना शब्द अर्थ घेऊन येतो, पण लिंग त्याला यजमान भाषेच्या दारात मिळते.

अंत्य स्वराच्या नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही सकारण आहेत. हात ओकारान्त असून स्त्रीलिंगी (ला मानो), कारण लॅटिनमध्येही तो स्त्रीलिंगी होता. दिवस आकारान्त असून पुल्लिंगी (एल दीआ). ग्रीकमधून आलेली 'मा'कारान्त नामे, जसे पोएमा, तेमा, प्रोब्लेमा, सिस्तेमा, इदिओमा, ही बहुतेक पुल्लिंगी, कारण मूळची ती नपुंसकलिंगी होती. साहित्याच्या अभ्यासकाला रोज लागणारा 'कविता' या अर्थाचा शब्द म्हणूनच 'एल पोएमा' असा पुल्लिंगी आहे. शिवाय 'दाद' आणि 'सिओन' या प्रत्ययांनी संपणारी भाववाचके स्त्रीलिंगी असतात : ला लिबेर्ताद, ला नासिओन. व्यंजनान्त आणि एकारान्त अशा असंख्य नामांना मात्र असा भरवशाचा नियम नाही. तेथे लिंग सांगणारे पहिले चिन्ह म्हणजे उपपद.

3

शालेय व्याकरणातून आपल्या परिचयाचे झालेले 'उपपद' स्पॅनिशमध्ये लिंग आणि वचन यांप्रमाणे बदलते. निश्चित उपपदे एल, ला, लोस, लास. अनिश्चित उपपदे उन, उना आणि त्यांची अनेकवचने. ती नामाआधी येतात. निश्चित उपपदांचा उगम लॅटिनमधील 'तो', 'ती', 'ते' या दर्शक सर्वनामांत आहे. मराठी भाषक एखाद्या परक्या शब्दाचे लिंग विचारताना 'तो, ती की ते?' असे विचारतो. स्पॅनिश भाषेने जणू हा प्रश्न आणि त्याचे उत्तर प्रत्येक नामापुढे कायमचे लिहून ठेवले.

उपपदाचे सामर्थ्य दिसते ते नाम तेच राहून अर्थ बदलतो तेव्हा. 'एल कापिताल' म्हणजे भांडवल, 'ला कापिताल' म्हणजे राजधानी. 'एल ओर्देन' म्हणजे क्रम किंवा सुव्यवस्था, 'ला ओर्देन' म्हणजे आज्ञा किंवा धर्मसंघ. 'एल फ्रेंते' म्हणजे आघाडी, 'ला फ्रेंते' म्हणजे कपाळ. 'एल कुरा' म्हणजे पाद्री, 'ला कुरा' म्हणजे उपचार. गाब्रिएल गार्सिआ मार्केस यांच्या 1985 च्या प्रसिद्ध कादंबरीच्या शीर्षकात 'देल कोलेरा' असे पद आहे, म्हणजे 'दे' आणि 'एल' यांचा संधी. 'एल कोलेरा' ही पटकीची साथ, 'ला कोलेरा' म्हणजे क्रोध. शीर्षकातले व्याकरण रोगाकडे बोट दाखवते, पण क्रोधाची सावली त्या शब्दाला सोडत नाही. त्या सावलीला दूर ठेवणारे चिन्ह उपपदात आहे. इंग्रजीत रोगाचे नाव स्वतंत्र असल्याने तेथे ही सावलीच नाही, आणि तेथून मराठीत येताना ती येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

अशी जोडनामे मराठीला अपरिचित नाहीत. तो मान आणि ती मान, ते नाव आणि ती नाव, तो माळ आणि ती माळ, तो हार आणि ती हार. सर्वांत सूक्ष्म उदाहरण 'वेळ'. 'बराच वेळ गेला' यातला कालावधी पुल्लिंगी, 'निघायची वेळ झाली' यातला नेमका क्षण स्त्रीलिंगी. उपपद नसताना मराठी हा भेद कसा सांभाळते? एक, विशेषण आणि क्रियापद यांच्या रूपांनी. दोन, नामाच्या सामान्यरूपाने : थोड्या वेळाने, पण वेळेवर. मानाचा फेटा, पण मानेचा पट्टा. माळावर, पण माळेत. नावाने, पण नावेने. स्पॅनिशमध्ये लिंगाची वर्दी नामाच्या आधी मिळते, मराठीत ती बहुधा नामाच्या मागाहून मिळते. स्पॅनिश वाचक नाम ऐकण्यापूर्वीच त्याच्या लिंगाची अपेक्षा बाळगून असतो. मराठी वाचकाला कित्येकदा वाक्याच्या शेवटच्या क्रियापदापर्यंत थांबावे लागते. काव्याच्या ओळीत या क्रमाला महत्त्व आहे. रूपक उलगडण्याची जागाच त्यामुळे बदलते.

4

आता एका अशा नियमाकडे वळू, ज्यात उपपद नवशिक्याला चकवते. पाणी 'आग्वा' हे नाम स्त्रीलिंगी आहे, पण त्याच्या आधी 'ला' न येता 'एल' येते : एल आग्वा. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहते, आणि अनेकवचनात 'लास आग्वास' असे उपपदही उघडपणे स्त्रीलिंगी होते. हाच प्रकार गरुड (आगिला), भूक (आम्ब्रे) आणि आत्मा (आल्मा) यांचा. आघातयुक्त 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामापूर्वी, एकवचनात आणि उपपद नामाला लागूनच असेल तर, 'एल' हे रूप येते. मध्ये दुसरा शब्द आला की 'ला' परत येते : 'ला मिस्मा आग्वा' (तेच पाणी). वर्णांची नावे यांसारखे मोजके अपवाद वगळता हा नियम पक्का आहे.

दोन 'आ' टाळण्याची ही उच्चारसोय आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे. लॅटिनमधल्या स्त्रीलिंगी 'इल्ला'पासून जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झाले. व्यंजनापूर्वी त्यातले 'ला' उरले, स्वरापूर्वी 'एल' उरले. मध्ययुगात हे 'एल' इतर स्वरांपूर्वीही येत असे, पुढे ते आघातयुक्त 'आ'पुरते आकुंचित झाले. म्हणजे 'एल आग्वा'तले 'एल' पुल्लिंगी उपपद उसने घेतलेले नाही. वंशाने ते स्त्रीलिंगीच आहे, पुल्लिंगी 'एल'शी त्याचे केवळ रूपसाम्य आहे. स्पॅनिश भाषकही येथे गोंधळतात आणि 'हे पाणी' म्हणताना पुल्लिंगी दर्शक सर्वनाम वापरून जातात. प्रमाण व्याकरण त्याला दोष मानते.

ही बारीक बाब थेट भक्तिकाव्यापर्यंत पोहोचते. सान हुआन दे ला क्रूस (1542-1591) यांच्या 'नोचे ओस्कुरा' (काळोखी रात्र) या कवितेतली निवेदक स्त्री आहे. रात्री घर सोडून ती प्रियकराला भेटायला निघते. कवीच्या स्वतःच्या भाष्यानुसार हा आत्म्याचा उद्गार आहे, आणि आत्मा म्हणजे 'एल आल्मा', उपपदाने पुरुष भासणारे पण लिंगाने स्त्री असलेले नाम. येथे व्याकरण आणि वधूभाव एकमेकांना आधार देतात. कवितेत निवेदकाचे स्त्रीत्व क्रियापदातून कळत नाही, कारण स्पॅनिश क्रियापदाचे प्रथमपुरुषी रूप लिंग दाखवत नाही. ते कळते विशेषणांच्या रूपांतून. इंग्रजीत विशेषणही लिंग दाखवत नाही आणि क्रियापदही नाही.

मराठीत आत्मा आणि जीव दोन्ही पुल्लिंगी, म्हणून गद्य भाष्य अनुवादताना 'आत्मा म्हणतो' असेच लिहावे लागेल. पण कवितेत मराठी मूळ स्पॅनिशहूनही समर्थ ठरते. 'मी निघाले' या दोन शब्दांत स्त्रीत्व आले. ही वाट मराठीला नवी नाही. ज्ञानदेवांच्या नावावरील विरहिणी आणि संतांच्या गवळणी यांत पुरुष कवीने स्त्रीवाणी स्वीकारली ती बऱ्याचदा अशा क्रियारूपांतूनच. इंग्रजीवरून काम करणाऱ्या अनुवादकाने बेसावधपणे 'मी निघालो' लिहिले, तर स्पॅनिश परंपरेचा धागा तुटतोच, शिवाय मराठीत आयता असलेला समांतर धागाही हातून जातो.

5

उपपदाचे दुसरे काम निश्चितता दाखवण्याचे. येथेही इंग्रजीच्या सवयीने स्पॅनिश वाचल्यास फसगत होते. कालदेरोन दे ला बार्का यांच्या 1636 मध्ये छापल्या गेलेल्या नाटकाचे नाव 'ला विदा एस सुएन्यो'. त्यात 'जीवन' या नामाला निश्चित उपपद आहे, 'स्वप्न' या नामाला कोणतेच नाही. रूढ इंग्रजी शीर्षकात नेमके उलट होते : जीवनाला उपपद नाही आणि स्वप्नाला अनिश्चित उपपद आहे. स्पॅनिशमध्ये भाववाचक नाम व्यापक अर्थाने कर्तास्थानी आले की उपपद घेते, आणि विधेयातले उपपदरहित नाम स्वरूप सांगते. जीवन हे अनेक स्वप्नांपैकी एक आहे असे शीर्षक म्हणत नाही, त्याचे द्रव्यच स्वप्नाचे आहे असे म्हणते. इंग्रजीवरून येणारा मराठी अनुवादक 'जीवन एक स्वप्न आहे' असे लिहितो. त्यातला 'एक' मूळ स्पॅनिशमध्ये नाही, आणि मराठीलाही त्याची गरज नाही. 'जीवन म्हणजे स्वप्न' एवढे पुरेसे आहे.

असा आगंतुक 'एक' मराठीत आता सर्वत्र आढळतो. 'तो प्राध्यापक आहे' या अर्थाचे स्पॅनिश वाक्य 'एस प्रोफेसोर' मराठीसारखेच उपपदरहित आहे. इंग्रजीतून येताना त्याचे 'तो एक प्राध्यापक आहे' होते. तसेच 'मे लावे लास मानोस'. स्पॅनिश भाषक 'माझे हात' म्हणत नाही, उपपद लावून 'हात' एवढेच म्हणतो. मराठी माणूसही 'मी हात धुतले' असेच म्हणतो. 'मी माझे हात धुतले' हे भाषांतरित गद्यातले वाक्य इंग्रजीचे आहे. दोन भाषांत मुळात साम्य असताना मधल्या भाषेमुळे दुरावा उत्पन्न होतो, याचे याहून साधे उदाहरण मिळणार नाही.

मराठीत उपपद नाही म्हणून निश्चितताही नाही, असे मात्र समजू नये. 'मुलगी पाहिली' आणि 'मुलीला पाहिले' यांतला फरक कोणत्याही मराठी घरात कळतो. पहिल्यात लग्नाची बोलणी आहेत, दुसऱ्यात ठरावीक मुलगी नजरेस पडल्याचे सांगितले आहे. स्पॅनिशमध्ये मनुष्यवाचक निश्चित कर्मापूर्वी 'आ' हे अव्यय येते. 'बुस्को उन मेदिको' म्हणजे कोणी तरी डॉक्टर शोधतो आहे, 'बुस्को आल मेदिको' म्हणजे त्या डॉक्टरांना शोधतो आहे. मराठी 'ला' आणि स्पॅनिश 'आ' यांची व्याप्ती सर्वस्वी सारखी नाही, परंतु दोन्ही भाषा मनुष्यत्व आणि निश्चितता यांची नोंद कर्माच्या रूपात घेतात. इंग्रजीत अशी सोय नाही.

नपुंसकलिंगाचीही हीच कथा. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम उरले नाही, पण 'लो' हे उपपद उरले. ते नामाला लागत नाही, विशेषणाला लागते. 'लो बेलो' म्हणजे जे सुंदर ते. मराठीचे नपुंसकलिंग येथे आपसूक उपयोगी पडते. त्याऐवजी 'सुंदर गोष्ट' असे लिहिले तर स्त्रीलिंगी नाम आत शिरते आणि अमूर्तता उणावते.

6

शेवटचे उदाहरण समुद्राचे. लॅटिनमधला नपुंसकलिंगी समुद्र इतालियन आणि पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी झाला, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये त्याने दोन्ही लिंगे घेतली. सर्वसाधारण बोलण्यात आणि समुद्रांच्या नावांत 'एल मार', खलाशांच्या आणि कवींच्या भाषेत 'ला मार'. राफाएल आल्बेर्ती यांच्या 'मारिनेरो एन तिएर्रा' (जमिनीवरचा खलाशी, 1925) या संग्रहात दोन्ही रूपे आहेत, आणि त्यांतली निवड सहेतुक आहे.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या 1952 च्या कादंबरिकेतला क्युबन म्हातारा मनात समुद्राला 'ला मार' म्हणतो, कारण ज्यांचे तिच्यावर प्रेम असते ते तिला असेच संबोधतात. मोटारबोटी घेतलेले तरुण कोळी मात्र 'एल मार' म्हणतात. त्यांना तो प्रतिस्पर्धी वाटतो. हे सांगण्यासाठी इंग्रजी लेखकाला स्पॅनिश उपपदे जशीच्या तशी घ्यावी लागली. या कादंबरिकेला पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणले. येथे कोणाही मराठी अनुवादकापुढचा पेच विलक्षण आहे. समुद्र, सागर, दर्या ही सारी नामे पुल्लिंगी, आणि आपल्या कोळ्याचा तर तो दर्याराजा, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून प्रसन्न करून घ्यायचा देव. मराठी कोळ्याचे समुद्रावरचे प्रेम पुल्लिंगातच वावरते. म्हणून येथे लिंगाचे रूपांतर करता येत नाही, ते समजावूनच द्यावे लागते, आणि मूळ उपपदे ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

7

या विवेचनातून अभ्यासकासाठी एक साधी पद्धती सुचते. संहितेत एखादे नाम प्रतिमेच्या किंवा पात्राच्या पदाला चढले असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. मूळ भाषेत त्याचे लिंग कोणते? संहिता त्या लिंगाच्या बाजूने चालते की विरुद्ध? आणि लक्ष्यभाषेतले लिंग त्या चालीला साथ देते, आड येते की तिला झाकून टाकते? लोर्कांच्या भिकारणीबाबत मराठी आड येते. त्यांच्या चंद्राबाबत मराठी झाकून टाकते, आणि हा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्यात काही हरवल्याचे कळतच नाही. सान हुआन यांच्या निवेदिकेबाबत ती साथ देते.

यासाठी प्रत्येकाने स्पॅनिशमध्ये पारंगत व्हावे, असा आग्रह नाही. इंग्रजीवरून अनुवाद करतानाही मूळ संहितेची एक प्रत शेजारी ठेवावी आणि कळीच्या नामांआधीचे उपपद पाहून घ्यावे, 'आ'ने सुरू होणाऱ्या नामांबाबत विशेषणही तपासावे. एवढे काम प्राथमिक परिचयावरही करता येते. प्रस्तुत लेखकाने ते वेळेवर केले असते, तर त्याचा चंद्र मराठी रंगमंचावर इतक्या सहजपणे चालत आला नसता. त्या प्रवेशाच्या नव्या खर्ड्यात त्याने चंद्राऐवजी 'चांदणी' ठेवून पाहिले, पण ती आकाशातली दुसरीच वस्तू. 'चंद्रकोर' स्त्रीलिंगी खरी, परंतु पूर्ण बिंब नव्हे. अखेर चंद्र चंद्रच राहिला, आणि लाकूडतोड्याच्या प्रवेशाआधी स्पॅनिश चंद्राचे स्त्रीत्व सांगणारी एक ओळ प्रस्तावनेत घालावी लागली. अनुवादात न मावलेले असे प्रस्तावनेत नोंदवणे, हे तौलनिक अभ्यासाचे काम आहे.